सत्त्याण्णव चार

शालनच्या जिभेखाली थर्मामीटर होता आणि मी तिच्या उशाशी बसून हळू आवाजात अभंग म्हणत होतो. पहाटेचे पावणेपाच झाले असतील. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, जाग आली की पाय खाली टाकायचा नाही, पाण्याचा घोट घ्यायचा नाही, बोलायचंसुद्धा नाही. आधी पाच मिनिटं थर्मामीटर. घड्याळ पुढच्या सोप्यात होतं आणि तिथं आई निजलेली असायची. म्हणून मीच माप ठरवलं होतं. सावकाश चालीत एक अभंग म्हटला की पाच मिनिटं होतात. शेवटचं चरण संपलं की शालन डोळे उघडायची आणि थर्मामीटर काढून माझ्या हातात द्यायची. मी तो दिव्याखाली धरून बोटांत फिरवायचो. पाऱ्याची रेघ चमकली की आकडा सांगायचो, आणि ती उशीखालच्या चौकटींच्या कागदावर पेन्सिलीनं ठिपका द्यायची.

त्या दिवशी कागदावरचा सतरावा दिवस होता. पारा अठ्ठ्याण्णव एकवर होता. मी पुन्हा फिरवून पाहिला. अठ्ठ्याण्णव एकच.

"किती?" शालननं विचारलं.

"सत्त्याण्णव चार," मी म्हणालो.

तिनं ठिपका दिला, कालच्या ठिपक्याला रेघ जोडली आणि कागदाकडं बघत राहिली. रेघ सरळ होती, जमिनीवर ठेवलेल्या काठीसारखी. "आज तरी चढंल असं वाटलं होतं," एवढं बोलून ती उठली आणि बंबात चिपाडं घालायला परसात गेली. मी थर्मामीटर झटकला, पारा खाली उतरवला आणि डबीत ठेवला.

याला आता एकोणतीस वर्षं झाली.

मी तेव्हा गावच्या दूध डेअरीत तपासनीस होतो. सकाळ-संध्याकाळ दूध यायचं, मी त्याचं तापमान बघायचो, मग काचेची नळी दुधात सोडून आकडा घ्यायचो. लोक त्या आकड्याला डिग्री म्हणतात. दुधात पाणी असलं की डिग्री खाली येते आणि दूध परत जातं. डिग्रीच्या बाबतीत माझं नाव होतं. पंचक्रोशीत म्हणायचे, दिनकरपुढं देवाची गाय आणली तरी तो आधी नळी बुडवील. लग्नाच्या दोन वर्षं आधी माळवाडीच्या एका माणसाचं दूध मी सलग तीन दिवस परत केलं होतं. गड्यानं पाणी घातलं होतं, मालकाला पत्ता नव्हता. चौथ्या दिवशी मालक स्वतः किटली घेऊन आले, डिग्री बघितली, माझं नाव-गाव-कूळ विचारलं आणि गेले. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनीच आमच्या घरी माणूस धाडला. हे शालनचे वडील, अण्णा. "जो मला तोंडावर नाही म्हणतो, तो माझ्या लेकीला फसवणार नाही," असं ते बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले होते. शालन ही गोष्ट घरी येईल त्याला सांगायची.

लग्नाला चार वर्षं झाली आणि मूल नव्हतं. आईनं उपास सुरू केले, शालनला करायला लावले, मग बोलायलाही लागली. आईचं बोलणं समोर नसायचं. ती भांड्यांशी बोलायची, मांजराशी बोलायची. पण आवाज असा लावायची की पलीकडच्या ओट्यावर पोचावा. "माझ्या लेकाचं नशीबच असं. जमीन बघून घेतली, पण उगवायचं काय नाव न्हाई." शालन चुलीपुढं खाली मान घालून भाकरी थापत असायची. मी त्या वेळी देवळात टाळ घेऊन बसलेला असायचो, नाहीतर टाळ घेऊन देवळात जायला निघालेला असायचो.

हे खोटेपणानं सांगत नाही, पण कीर्तन हा माझा जीव होता आणि आहे. मृदंगावर पहिली थाप पडली, बुवांनी उपरणं कमरेला खोचलं आणि अभंगाचं पहिलं चरण उचललं की माझ्या अंगावर काटा येतो. टाळ तासभर वाजवला की पितळ कोमट होतं आणि हाताला सोडवत नाही. कितीदा माझे डोळे भरून आलेत, आणि ते भरून येणं खरं होतं. तेव्हासुद्धा खरं होतं. तेच मला पुढं समजेना.

दसरा झाल्यावर शालननंच हट्ट धरला आणि आम्ही साताऱ्याला डॉक्टर रेगेबाईंकडं गेलो. बाई पन्नाशीच्या, बोलायला सरळ. त्यांनी कागदावर रेघ काढून दोघांना समजावलं. पाळी आल्यापासून दिवस मोजायचे. पहिले चौदा-पंधरा दिवस अंगातली ऊब खालच्या आकड्यावर असते. बीज सुटलं की ती अर्ध्या अंशानं वर चढते आणि पुढची पाळी येईपर्यंत वरच राहते. तीन महिने रोज पहाटे मोजून तो कागद आणायचा.

"चढ दिसला तर हिचं बीज वेळेवर सुटतंय," बाई म्हणाल्या. "मग हिला मी एकही गोळी देणार नाही. आधी तुमची तपासणी. चढ नाही दिसला, तर हिला औषध सुरू करू." असं म्हणून त्यांनी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. "खरं तर थांबायची गरज नाही. त्याच गल्लीत प्रयोगशाळा आहे, आजच करून टाका."

मी म्हणालो, आधी हिचं होऊ द्या. डेअरीची वेळ होतेय. चिठ्ठी खिशात घातली, आणि दुसऱ्या दिवशी डेअरीतल्या ड्रॉवरमध्ये, पावतीपुस्तकांच्या खाली.

पहिल्या महिन्यात पंधराव्या पहाटे पारा चढला. मी दिव्याखाली उभा राहून तो बघितला. एका क्षणात मला सगळं दिसलं: तीन महिन्यांचा कागद, त्यावर तीन चढ, बाईंचा पुढं केलेला हात आणि ती चिठ्ठी. शालन उशीवर मान वळवून माझ्याकडं बघत होती. मी सत्त्याण्णव चार म्हणालो. वाटलं होतं, एवढा एकच दिवस. पण पारा एकदा चढला की उतरत नाही हे बाईंनी सांगितलंच होतं. तो चौदा दिवस वर राहिला आणि चौदा दिवस मी खोटं बोललो. पुढच्या महिन्यात पुन्हा. तिसऱ्यात पुन्हा. मधूनच सत्त्याण्णव तीन, कधी पाच, म्हणजे संशय नको. डेअरीत उमेदवारीच्या काळात मला शिकवलं होतं की खोटे आकडे एकसारखे येतात, त्यावरून ते ओळखावेत.

जानेवारीत शालनच्या गोळ्या सुरू झाल्या.

गोळ्या महिन्यातून पाचच दिवस घ्यायच्या, पण तिचा अख्खा महिना जायचा. भर थंडीत चेहरा लाल व्हायचा, ती पाठीवरचा पदर काढून भिंतीला टेकायची. पोट फुगल्यासारखं व्हायचं. डोकं दुखायचं. तरी पहाटे जाग आली की पहिला हात थर्मामीटरकडं. माझे आकडे तेच होते, कारण आता बदलणार कसे? गोळीनं चढ आला म्हणावं तर बाई म्हणणार, छान, आता तुमची तपासणी. फेब्रुवारीत बाईंनी गोळ्या दुप्पट केल्या. मार्चमध्ये शालनच्या डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले. ती गावातल्या बायकांची पोलकी शिवायची; सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा तिनं मशीनवर कापड टाकलं आणि कुणी विचारलं तर मशीन बिघडलंय म्हणायला लागली.

मार्चच्या शेवटी बाईंनी सगळे कागद टेबलावर पसरले. गोळ्यांचा उपयोग दिसत नाही, डोळ्यांचा त्रास म्हणजे त्या बंदच करायला हव्यात. आता पोटाला छोटा छेद देऊन दुर्बिणीनं आत बघावं लागेल. भूल द्यावी लागेल, दोन दिवस राहावं लागेल. रामनवमीनंतरचा मंगळवार ठरला. उठता उठता त्या मला म्हणाल्या, "आणि तुमची चिठ्ठी? पाच वेळा विचारलं मी. मंगळवारी कागद हातात घेऊन या, नाहीतर मीच तुम्हाला प्रयोगशाळेत नेऊन बसवीन."

एसटीत शालन हसत होती. "बाई तुमच्या मागंच लागल्यात," ती म्हणाली. "धडधाकट माणूस, पाच-पाच कोस चालतोय, त्याला काय तपासायचंय." मग जरा वेळानं, खिडकीबाहेर बघत, "भूल दिल्यावर माणूस उठतंच ना हो परत?"

मी उठतं म्हणालो.

रामनवमीचा सप्ता बसला. आमच्याकडं सप्त्यात पहाटे चारला काकडा असतो, तेव्हा मी साडेतीनलाच आंघोळ करून देवळात जायचो. त्या सात दिवसांत शालनला थर्मामीटर एकटीनं बघावा लागणार होता. मी तिला दाखवून ठेवलं, असा धरायचा, असा फिरवायचा. नाही म्हणायला कारण सुचलं नाही. सप्त्याचे दिवस नेमके कागदावरच्या सोळा ते बावीसवर येत होते. पहिल्या पहाटे काकड्यात माझं चित्त नव्हतं. टाळ चुकला, मृदंगवाल्यानं वळून बघितलं. घरी येऊन मी आधी उशीखालचा कागद काढला. तिच्या हातचा ठिपका होता, सत्त्याण्णव चारवर. दुसऱ्या दिवशी सत्त्याण्णव पाच. तिसऱ्या दिवशी पुन्हा चार.

मला वाटलं, गोळ्यांनी हिचं खरंच काही बिघडलं. आणि त्या क्षणी मला बरं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझं खोटं आता खोटं राहिलं नाही, असं मनात आलं आणि मी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

सप्त्याचे बुवा सखाहरी महाराज होते. साधा माणूस, गळा गोड, आणि दाखला असा द्यायचे की ऐकणाऱ्याच्या घरातली वस्तू त्यांनी नुकती उचलून दाखवावी. गावातल्या घरांनी बुवांचा चहा-फराळ वाटून घेतला होता, सहाव्या दिवशी सकाळचा फराळ आमच्याकडं होता. शालननं शिरा केला आणि वाढता वाढता अण्णांच्या दुधाची गोष्ट सांगितली. बुवा घास हातात धरून ऐकत राहिले. "सासरा दुधानं मिळवला म्हणा की," एवढंच माझ्याकडं बघून म्हणाले.

काल्याच्या कीर्तनाला सगळं गाव होतं. मांडवात एका बाजूला बाप्ये, एका बाजूला बाया, मी बुवांच्या मागं टाळकऱ्यांच्या ओळीत. बुवा मापाविषयी बोलत होते. माणूस घेताना एक माप लावतो, देताना दुसरं; देवाच्या दारात माप एकच. मग ते थांबले, उपरण्यानं घाम पुसला आणि मागं वळून माझा दंड धरून मला पुढं ओढलं.

"लांब कशाला जायचं?" ते म्हणाले. "हा तुमच्या डेअरीतला दिनकर. होणाऱ्या सासऱ्याचं दूध परत धाडणारा माणूस. यानं सांगितलेल्या आकड्यावर तुम्ही डोळे मिटून सही करता का न्हाई? करता. मग हा माणूस त्या पांडुरंगाच्या पेढीवरचा, असं मी म्हटलं तर चुकलं का?"

लोक हसले, कुणीतरी पुंडलिकवरदा म्हटलं. मी हातात टाळ धरून उभा होतो. बायांच्या बाजूला शालन दिसली. तिनं पदर डोळ्यांना लावला होता आणि शेजारणीला काहीतरी सांगत होती. अण्णाही माळवाडीहून आले होते. त्यांनी दोन्ही हात जोडले, माझ्याकडं बघून.

दहीहंडी फुटली. आमच्या गावात रीत आहे, काल्याच्या कलशावरचा नारळ मूल नसलेल्या बाईच्या ओटीत घालायचा. तीन वर्षं तो शालनच्याच ओटीत पडत होता. दुसरी कुणी असली तरी बायका शालनला पुढं करायच्या, कारण तिचं सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी आईनंच तिला कोपरानं ढकललं. ती खाली बघत आली, पदर पसरला. बुवांनी नारळ घातला आणि म्हणाले, "श्रद्धा ठेव, बाई." ती ठेवते म्हणाली. तिथून माझ्यापर्यंत चार हातांचं अंतर होतं. मी पुढं व्हायला हवं होतं. मी टाळाची दोरी बोटाला गुंडाळत राहिलो.

दुपारी आई देवळात पंगतीला वाढायला थांबली होती. शालननं नारळ देव्हाऱ्यात ठेवला आणि मंगळवारसाठी पिशवी भरायला काढली. दोन लुगडी, टॉवेल, तांब्या. मी दारात उभा होतो.

"शालन, मंगळवारी जायचं नाही."

"का? बाईंनी निरोप धाडला का?"

"पोटात बघण्यासारखं काही नाही. तुझा पारा चढतो. दर महिन्याला, पंधराव्या-सोळाव्या दिवशी चढतो आणि वरच राहतो. मी तुला खोटे आकडे सांगत होतो."

ती हातातल्या टॉवेलची घडी घालत होती. घडी पूर्ण घातली, पिशवीत ठेवली. मग उशीखालून कागद काढून आणला आणि माझ्यासमोर खाली बसली.

"हे बघा," ती सप्त्यातल्या ठिपक्यांवर बोट ठेवून म्हणाली. "हे सात दिवस मी एकटीनं बघितला. मला रोज अठ्ठ्याण्णव दिसायचं. एके दिवशी तर अठ्ठ्याण्णव दोन. मला वाटलं, डोळ्यांपुढं चमकतंय, आपल्याला नीट दिसत नसंल. तुम्ही बघता तेव्हा अठ्ठ्याण्णव कधी येत नाही. म्हणून मी तुमचा आकडा लिहिला."

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"रोज खोडलं," ती म्हणाली. "आधी माझं लिहायची, मग खोडून तुमचं. बघा, कागद विरलाय."

कागद खरंच त्या जागी पातळ झाला होता. मी सकाळी तो सात वेळा हातात घेतला होता आणि मला ते दिसलं नव्हतं.

"का?" तिनं विचारलं.

मग मी सांगितलं. सोळाव्या वर्षी मला गालगुंडं झाली होती. आठ दिवसांनी सूज गालांवरून उतरली आणि खाली गेली, नको तिथं. तालुक्याच्या दवाखान्यातला कंपाउंडर बापाला बाजूला घेऊन काहीतरी बोलला होता, आणि बापानं घरी येताना मला सांगितलं होतं, हे कुणापाशी बोलायचं नाही, तुझ्या आईपाशीसुद्धा नाही. बाप पुढं दोन वर्षांनी गेला. मी बोललो नाही.

"म्हणजे लग्नाआधी ठाऊक होतं."

"शंका होती."

"अण्णा बैठकीत बोलले, तेव्हा?"

"तेव्हाही होती."

तिनं कागदाची घडी घातली. रडली नाही. मी वाकलो आणि तिच्या पायांना हात लावायला गेलो. आम्हा माळकऱ्यांत एकमेकांच्या पाया पडायची रीत आहे, त्यात लहानमोठं बघत नाहीत, घरदार बघत नाहीत. तिनं पाय आत घेतले.

"हे नको," ती म्हणाली. "हे तुम्हाला येतं. चिठ्ठी कुठाय?"

चिठ्ठी मी डेअरीतून आणली. मंगळवारी आम्ही साताऱ्याला गेलो. एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती, पण पिशवी मध्ये ठेवून. दवाखान्यात तिनं सांगितलं, बाईंना तुम्ही सांगायचं, मी एक शब्द बोलणार नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. रेगेबाईंनी चष्मा काढला. मला वाटलं, त्या मला बोलतील. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. त्यांनी शालनचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तीन महिने मी तुला कारण नसताना औषध दिलं, बाळ. कागदावर विसंबले, माझंही चुकलं." शालननं विचारलं, डोळे परत होतील का पहिल्यासारखे. होतील म्हणाल्या, आणि ते खरं झालं. श्रावणापर्यंत ती सुई ओवायला लागली.

माझी तपासणी झाली. दोन दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा कागद तयार होता. बाईंनी समजावून सांगितलं. अगदीच नाही असं नाही, पण इतकं कमी की आशा धरावी तर फार धरू नये. सोळाव्या वर्षीच्या दुखण्याचं असावं. त्यात लाजण्यासारखं काय होतं, असं त्या म्हणाल्या, हे दुखणं कुणालाही होतं. त्यांना काय सांगणार, की लाज दुखण्याची राहिलीच नव्हती.

मूल झालं नाही. औषधं घेतली, वर्षभर थांबलो, मग सोडून दिलं. आम्ही दोघंच आहोत. शालन माझ्याजवळ का राहिली, असं मला कधी कधी वाटतं, आणि विचारायचं धाडस होत नाही.

पण त्या दिवशी, कागद घेऊन आलो त्या दिवशी, संध्याकाळचे पाच-साडेपाच झाले असतील. चैत्रातलं ऊन उतरत होतं. आई ओट्यावर सुपात गहू घेऊन निवडत बसली होती. पलीकडच्या ओट्यावर शेजारच्या दोघीतिघी तेच करत होत्या. शालननं पिशवी आत ठेवली, हातपाय धुतले आणि उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"आता आईंना सांगा," ती मला म्हणाली.

मी म्हणालो, आई दमलीय, जेवणं झाल्यावर सांगतो.

"आता," ती म्हणाली.

मी आईजवळ ओट्यावर उकिडवा बसलो. आईनं न बघताच विचारलं, काय म्हणाली मग तुझी डॉक्टरीण, कवा चिरायचंय हिचं पोट?

"पोट चिरायचं नाही, आई. हिच्यात काही दोष नाही. दोष माझ्यात आहे. तपासणी झालीय."

आईचं सूप थांबलं. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग पलीकडच्या ओट्याकडं. पुढं झुकून तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हळू बोल," ती म्हणाली. "बायका ऐकत्यात."

आणि मी आवाज खाली आणला. मी काही ठरवलं नव्हतं, तो आपोआप खाली आला. आईच्या कानाशी वाकून मी पुढचं वाक्य कुजबुजायला लागलो.

"आई," उंबऱ्यातून शालन म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "चार वर्षं मला बोलताना कुणी हळू बोललं नव्हतं."

आईनं मान खाली घातली. सुपातला एक खडा तिनं उचलला आणि तो चिमटीतच धरून बसली. मी उठून उभा राहिलो. मग मी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, आकड्यांसकट. पलीकडच्या ओट्यावर आधी एकीचं सूप थांबलं, मग दुसरीचं.